२७ इंची, १६५ हर्ट्झचा मॉनिटर: परत पाठवता पाठवता ठेवून घेतला

दसऱ्याच्या सेलमध्ये घेतलेला हा मॉनिटर आता साडेचार महिने माझ्या टेबलावर आहे. २७ इंच, १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल), आयपीएस प्रकारचं पॅनल, १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र नव्यानं भरणारा), आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फ्रीसिंक’, म्हणजे चित्र फाटू न देणारी सोय. मला १८,४०० रुपयांना पडला. मत आधीच सांगून टाकते: ५ पैकी ४ स्टार, आणि वीस हजारांच्या आत बजेट असेल तर या मापाचा मॉनिटर जरूर घ्यावा. पण पहिले नऊ दिवस मी याला १ स्टार द्यायला निघाले होते. रिप्लेसमेंटची विनंतीसुद्धा टाकून झाली होती. त्या नऊ दिवसांत काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण त्यानंतर ओळखीतल्या दोघांचे मॉनिटर ‘चित्र फाटतं’ म्हणून परत जायला निघालेले मी पाहिले आणि दोन्ही धडधाकट निघाले.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे चुकलं ते या किमतीच्या बऱ्याच मॉनिटरांबाबत चुकू शकतं, एका नावावर बोट ठेवून कुणाचाच फायदा नाही.

मी कराडला राहते आणि पुण्यातल्या एका फर्मसाठी घरून ड्रॉइंगचं काम करते. दिवसभर ऑटोकॅडमध्ये प्लॅन आणि सेक्शन, रात्री साडेनऊनंतर तासभर गेम. कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला आहे, त्यात एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, पडद्यावरचं चित्र तेच बनवतं. घरात मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दोघंच. आप्पांचं इथंच बसस्टँडजवळ टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. १९८२ च्या आशियाई खेळांपाठोपाठ आपल्याकडे रंगीत टीव्ही आले, त्या लाटेत १९८४ साली त्यांनी दुकान टाकलं आणि २०१२ ला बंद केलं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

पहिल्या रात्री फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम लावला. मेक्सिकोतला मोकळा रस्ता, कडेला विजेचे खांब. सरळ जाताना सगळं झकास. वळणावर गाडी घातली की खांब मधेच तुटायचा. वरचा तुकडा डावीकडे, खालचा दोन बोटं उजवीकडे, आणि तुटल्या जागी काचेवर आडवी रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी. क्षणभरात ती रेघ खाली सरकलेली, मग परत वर. गाडी जितकी जोरात वळवावी तितकी दोन तुकड्यांत फट जास्त. गाडी थांबली की खांब पुन्हा अखंड.

याला स्क्रीन टेअरिंग म्हणतात हे मला ठाऊक होतं. आणि ते होऊ नये म्हणूनच तर फ्रीसिंकवाला मॉनिटर घेतला होता. म्हणूनच राग आला.

दुसऱ्या दिवशी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडलं तर मॉनिटर ६० हर्ट्झवर चाललेला. हे जवळपास प्रत्येकाला भेटतं: मॉनिटर कितीही हर्ट्झचा असो, विंडोज बरेचदा सुरुवात ६० नं करतं आणि आपण हातानं बदलेपर्यंत तिथेच राहतं. यादीत सगळ्यात वर १४४ होतं, ते लावलं. १६५ यादीत नव्हतंच. तिथेच मला शंका यायला हवी होती, पण खोक्यावरच्या आकड्यात आणि प्रत्यक्षात फरक असतोच असं मनाशी म्हणून मी पुढे गेले. १४४ वर फाटणं कमी झाल्यासारखं वाटलं. ६० ला एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ ला ७ च्याही आत. म्हणून तुटलेला खांब दिसतो कमी वेळ. पण तुटायचा तो तुटतच होता.

मग गेममधला व्ही-सिंक चालू केला. फाटणं बंद. पण गाडी जड झाली. स्टिअरिंग वळवलं की पडद्यावर चाक वळायला वेळ लागायचा, आणि मोठ्या गर्दीच्या चौकात चित्र अडखळायला लागलं. व्ही-सिंकमध्ये कार्डानं चित्र तयार करून ठेवायचं आणि मॉनिटर नवीन फेरी सुरू करेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, असा प्रकार असतो. एक फेरी हुकली की थेट पुढच्या फेरीची वाट. त्यासाठी १८ हजार मोजले नव्हते.

चौथ्या दिवशी कस्टमर केअरला फोन केला. तिकडचा मुलगा अदबीनं बोलला, म्हणाला, स्क्रीनशॉट पाठवा मॅडम. मी पाच-सहा स्क्रीनशॉट काढले आणि स्वतःच चकित झाले: एकातही फाटलेलं चित्र नाही. सगळे खांब सरळ. पाठवले तसे. उत्तर आलं की यात दोष दिसत नाही. मी पुन्हा फोन करून जोर धरला तेव्हा म्हणाले, पॅनलमध्ये डिफेक्ट असू शकतो, दहा दिवसांच्या आत आहात तर रिप्लेसमेंट टाकून द्या. दोन्ही फोन मिळून पाऊण तास झाला असेल, त्यात कुठली केबल लावली आहे हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. माझी कस्टमर केअरबद्दल खरी तक्रार एवढीच आहे. मॉनिटर परत मागवणं त्यांना सोपं वाटलं, पण एका प्रश्नात मिटणारी गोष्ट होती.

रिप्लेसमेंट टाकली. नेणारा माणूस पाच दिवसांनी येणार होता.

त्या संध्याकाळी आप्पा चहा घेऊन आत आले आणि मागे उभे राहून बघायला लागले. मी म्हणाले, “आप्पा, हे बघा, रोलिंग होतंय.”

“रोलिंग नाही हे,” आप्पा म्हणाले. “रोलिंग असतं तर अख्खं चित्र वर सरकत गेलं असतं, मधे काळा पट्टा दिसला असता. हे फाटलंय. वरचं चित्र वेगळं आणि खालचं वेगळं.” मग खुर्ची ओढून बसले. “मला एक सांग, इथं कोण कुणाच्या मागं चालतंय? कार्ड मॉनिटरच्या मागं, का मॉनिटर कार्डाच्या मागं?”

मी इतके दिवस सेटिंगं बदलत होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

आप्पांनी त्यांच्या टीव्हीचं सांगितलं. आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्राचे दोन भाग, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. दर फेरीच्या सुरुवातीला स्टेशन एक सिंक पल्स पाठवायचं: आता वरून सुरू कर. टीव्हीच्या आत स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे ठेका देणारं सर्किट, असायचा, तो साधारण पन्नासच्या आसपास चालायचा, आणि स्टेशनचा पल्स आला की त्याला धरून बसायचा. जुन्या सेटच्या मागे व्हर्टिकल होल्ड नावाचं बटण असायचं, ते याच्यासाठी. ऑसिलेटर पन्नासपासून फार लांब गेला की पल्स त्याला धरू शकत नाही, आणि चित्र फिरायला लागतं. बटण फिरवून त्याला पुन्हा जवळ आणायचं, मग पकड बसते. “सेटनं स्टेशनच्या मागं चालायचं,” आप्पा म्हणाले. “स्टेशन काय सेटसाठी थांबत नाही.”

आणि कॉम्प्युटरच्या साध्या मॉनिटरमध्ये नेमकं उलटं असतं. मॉनिटर आपल्या ठरल्या वेगानं वरून खाली ओळीओळीनं चित्र भरत जातो. कार्ड मात्र एखादं चित्र ७ मिलिसेकंदांत बनवतं, पुढचं ११ मध्ये, जसा प्रसंग असेल तसं. मॉनिटर अर्ध्यावर आलेला असताना कार्डानं नवीन चित्र पुढे ढकललं की वरचा भाग जुन्या चित्राचा राहतो आणि खालचा नव्याचा. त्या मधल्या क्षणात खांब सरकलेला असतो, म्हणून तुटलेला दिसतो. ॲडॅप्टिव्ह सिंक म्हणजे मॉनिटरला पुन्हा त्या जुन्या टीव्हीसारखं वागायला लावणं: कार्डाचं चित्र येईपर्यंत थांब, आलं की फेरी सुरू कर.

स्क्रीनशॉटचं सांगितलं तर आप्पा लगेच म्हणाले, “मग कार्डानं चित्र पुरतं दिलेलंय. फाटतंय ते रस्त्यात.” खरंच तसं आहे. स्क्रीनशॉट कार्डाकडचं तयार चित्र उचलतो, त्याला मॉनिटरवर काय झालं ते माहीत नसतं. फाटणं दाखवायचं असेल तर मोबाईलनं पडद्याचा व्हिडिओ काढा, स्लो मोशन असेल तर उत्तम. आम्ही काढला. त्यात रेघ अगदी स्वच्छ दिसली. कस्टमर केअरला पाठवायचा तर हा व्हिडिओ पाठवायचा असतो.

मग आप्पांनी बॅटरी मारून मॉनिटरच्या मागचं बघितलं. “कुठली वायर लावलीयस?”

खोक्यात जी आली होती ती. एचडीएमआय.

इथे थोडं जुनं सांगावं लागेल, नाहीतर घोळ कळणार नाही. एनव्हीडियानं जी-सिंक जाहीर केलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल लागायचं. २०१४ च्या मे महिन्यात डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेनं हीच गोष्ट ॲडॅप्टिव्ह-सिंक नावानं डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच मॉनिटरची दुसरी जोडणी) १.२ए च्या मानकात घातली, कुणालाही वापरता येईल अशी. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीनं तिला फ्रीसिंक म्हटलं. आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हीडियानंही आपली कार्डं या मॉनिटरांवर चालू दिली, जी-सिंक कम्पॅटिबल या नावाखाली. त्यामुळे माझ्या खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेलं, मॉनिटरच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह-सिंक, आणि कॉम्प्युटरमध्ये जी-सिंक. तीन नावं, गोष्ट एकच. पहिल्या आठवड्यात मी जी-सिंक हा शब्द बघून ‘हे आपल्या मॉनिटरसाठी नाही’ म्हणून पुढे जात होते.

आता केबलचं. एनव्हीडियाची ही सोय अशा मॉनिटरांवर डिस्प्लेपोर्टवरून चालते. माझ्या मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट २.० चे आहेत. एचडीएमआयवरून फ्रीसिंक चालवायची रीत ही एएमडीची स्वतःची, म्हणून एएमडीच्या रेडिऑन कार्डवाल्यांना ती बऱ्याच मॉनिटरांवर मिळते, आपल्याला नाही. एचडीएमआय २.१ आणि त्यातलं व्हीआरआर (हीच सोय, एचडीएमआयच्या मानकातली) असलेला मॉनिटर आणि तसं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, पण या किमतीत पोर्ट नीट बघून घ्या. १६५ यादीत न दिसण्याचं कारणही हेच होतं: १४४०पी ला एचडीएमआय २.० वरून १४४ च्या वर जात नाही. मॉनिटर पहिल्या दिवसापासून मला हेच सांगत होता आणि मी ते दोषाच्या खात्यावर लिहीत होते.

कराडात तीन दुकानं फिरले. एचडीएमआय ढिगानं, व्हीजीएसुद्धा, डिस्प्लेपोर्ट एकाकडेही नाही. एका दुकानदारानं एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल पुढे केली, म्हणाला, तेच ते. तेच ते नसतं. मॉनिटरमध्ये जाणारं टोक एचडीएमआय असेल तर मॉनिटरपर्यंत एचडीएमआयच पोहोचतं. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट हवं. शेवटी चुलतभाऊ शनिवारी कोल्हापूरहून येताना घेऊन आला, ६५० रुपये. केबल घेताना व्हेसा सर्टिफाइड घ्या. काही हलक्या केबलींमध्ये २० नंबरची पिन दोन्हीकडे जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा कॉम्प्युटरमध्ये उलटा शिरतो आणि मशीन सुरू होताना चाळे करतं. मानकात ती पिन केबलमध्ये जोडायचीच नाही असं आहे. हे ऐकल्यावर आप्पांनी केबलचं पाकीट हातात घेऊन चष्मा वर करून पुरतं वाचलं.

केबल लावताना दोन गोष्टी. पहिली, कॉम्प्युटरच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचे पोर्ट असतात आणि खाली आडवे कार्डाचे. केबल खालच्याला जायला हवी. दुसरी, डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुतेक वेळा दोन बारीक आकडे असतात. आत सरकवली की टक्क आवाज येतो. काढताना वरची पट्टी दाबून धरायची, तशी ओढली तर पोर्टच उचकटेल.

लावली, विंडोजमध्ये १६५ दिसलं, निवडलं. एनव्हीडिया कंट्रोल पॅनल उघडलं. डाव्या यादीत ‘सेट अप जी-सिंक’ नावाची ओळ यायला हवी. आली नाही.

आता मॉनिटरचा स्वतःचा मेनू. पाठीमागे उजव्या हाताला छोटी जॉयस्टिक आहे, ती दाबली की उघडतो. ‘गेमिंग’खाली ॲडॅप्टिव्ह-सिंक होतं, ‘ऑफ’, आणि फिकट राखाडी, हात लावून देत नव्हतं. कंपनीकडून येतानाच ते बंद असतं. आणि राखाडी का, तर पहिल्या रात्री मी त्याच मेनूत चित्र आणखी स्वच्छ दिसावं म्हणून ब्लर कमी करणारा पर्याय चालू करून ठेवला होता. त्यात मॉनिटर दर फेरीला बॅकलाइट ठरावीक वेळी बंद-चालू करतो. फेरीची वेळच जर कार्ड ठरवणार असेल तर हे जमायचं कसं? म्हणून एक चालू असलं की दुसरं कुलूपबंद. हे त्या मेनूत कुठेही लिहिलेलं नाही, माहितीपत्रकातही नाही. ब्लरवालं बंद केलं, ॲडॅप्टिव्ह-सिंक उजळलं, चालू केलं. पडदा दोन सेकंद काळा झाला, परत आला, आणि कंट्रोल पॅनलमध्ये ती ओळ हजर.

तिथे ‘एनेबल जी-सिंक’वर टिक करायची आणि त्याखाली ‘विंडोड अँड फुल स्क्रीन’ निवडायचं. नुसतं ‘फुल स्क्रीन’ ठेवलं तर खिडकीत किंवा बॉर्डरलेस (चौकटीशिवाय पडदाभर पसरलेल्या खिडकीत) चालणारे गेम यातून सुटतात, आणि आजकाल पुष्कळ गेम मुळातच बॉर्डरलेस उघडतात. खाली ‘हा मॉनिटर जी-सिंक कम्पॅटिबल म्हणून तपासलेला नाही’ अशा अर्थाची सूचना आली. घाबरू नका. एनव्हीडियानं स्वतः तपासलेल्या यादीत हे मॉडेल नाही, एवढाच तिचा अर्थ. त्याखालचा ‘निवडलेल्या मॉनिटरसाठी लागू करा’ हा चौकोनही टिक करायचा, नाहीतर वरच्या टिकेचा उपयोग नाही.

चालू झालं की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवायची सोय आहे. ती लावून फोर्झा सुरू केला. आधी तिथे १४४ हा आकडा खिळ्यासारखा असायचा. आता ९७, १०३, ९१, डोंगरावर ११०, गावात शिरले की ८४. मॉनिटर कार्डाच्या मागे चालत होता. वळणावर गाडी घातली. खांब अखंड. तेच वळण मी सात-आठ वेळा घेतलं असेल. आप्पा म्हणाले, “बसली पकड.”

त्या रात्री झोपायच्या आधी रिप्लेसमेंट रद्द केली.

पण गोष्ट इथे संपली नाही. रविवारी व्हॅलोरंट लावला आणि परत फाटायला लागलं. एक रेघ नाही, कधी दोन-दोन. मला धडकीच भरली. कोपऱ्यातला आकडा १६५ वर घट्ट. आप्पांना हाक मारली. ते म्हणाले, “कार्ड किती देतंय?” बघितलं: सेकंदाला २४० ते २८० चित्रं. “मग सुटली पकड. वरून सुटली.”

बरोबर होतं. व्हॅलोरंट हलका गेम आहे, ३०६० वर तो सहज दोनशेच्या वर जातो. मॉनिटरला ४८ ते १६५ या पट्ट्यातच मागे चालता येतं. कार्ड त्याच्या पुढे पळालं की मॉनिटर आपल्या सर्वांत जास्त वेगानं एकटाच चालत राहतो, आणि फाटणं परत येतं. उपाय असा: कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’, म्हणजे कार्डानं सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं (फ्रेम) द्यायची तो आकडा, १६० ला बांधून टाकला, आणि तिथेच व्ही-सिंक चालू केला. गेममधला व्ही-सिंक मात्र बंद. व्ही-सिंकनं गाडी जड होते असं मी वर लिहिलं, मग तोच परत का? कारण पट्ट्याच्या आत असताना तो गप्प बसतो. फ्रेम बांधणारा हा लिमिटर घड्याळासारखा नेमका नसतो, एखादं चित्र चुकून लवकर निसटतं, तेवढ्यालाच व्ही-सिंक अडवतो. आणि १६५ ऐवजी १६० का, तर काठावर चालण्यापेक्षा चार बोटं आत चालावं. कमीत कमी ३ नं खाली ठेवावं, मी ५ नं ठेवलं. स्टिअरिंगचा जडपणा आला नाही, माऊसचाही नाही.

जे लोक व्हॅलोरंट स्पर्धेसाठी खेळतात ते फाटणं चालवून घेतात आणि फ्रेम मोकळ्या सोडतात. त्यांचं त्यांना ठीक. मला रात्रीचा तासभर शांत डोळ्यांनी खेळायचं असतं.

खालच्या बाजूला, ४८ च्या खाली काय? तिथे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एकच चित्र दोनदा दाखवतो, ४० चे ८० करून पट्ट्यात आणतो. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट तरी हवा. माझा तिपटीच्या वर आहे, म्हणून चालतं. वर उल्लेख केलेल्या दोघांपैकी एकाचा ७५ हर्ट्झचा मॉनिटर होता, पट्टा ४८ ते ७५. तिथे दुप्पट करायला जागाच नाही. त्याचं कार्ड जुनं, गेम ४० वर चालायचा, आणि फाटायचा. मॉनिटर शाबूत, कार्ड शाबूत, जोडी चुकलेली. त्याला गेमचं ग्राफिक्स कमी करून ५५ च्या वर ठेवायला सांगितलं, तेवढ्यानं भागलं. नवीन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: खोक्यावरचा मोठा आकडा बघता तसा हा पट्टा शोधून बघा.

आता मॉनिटरचे स्वतःचे गुणदोष, कारण शेवटी रिव्ह्यू मॉनिटरचा आहे.

ऑटोकॅडसाठी हा फार चांगला निघाला. २७ इंचांत १४४०पी म्हणजे इंचाला साधारण १०९ पिक्सेल. बारीक हॅचिंग आणि डायमेन्शनची अक्षरं झूम न करता वाचता येतात. आधीच्या २१ इंचीवर मी दिवसातून शंभरदा चाक फिरवत होते. रंग खोक्यातून काढल्यावर किंचित निळसर होते, मेनूत ‘वॉर्म’ केल्यावर कागदासारखा पांढरा आला. १६५ हर्ट्झचा फायदा गेमपुरता नाही, मोठा प्लॅन पॅन करताना रेषा डोळ्यांसमोर गढूळ होत नाहीत.

दोष: ॲडॅप्टिव्ह-सिंक चालू असताना काही गेमच्या लोडिंग स्क्रीनवर उजेड किंचित धपापतो. तिथे फ्रेम एकदम खाली-वर होतात, आणि रिफ्रेश बदलला की पॅनलचा उजेडही बारीकसा बदलतो. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर हे यापेक्षा जास्त दिसतं, अंधाऱ्या दृश्यात तर फारच. माझ्यावर आयपीएस असल्यामुळे सुसह्य आहे, खेळताना दिसत नाही. स्टँड नुसता पुढे-मागे झुकतो, उंची बदलत नाही. खाली मी आप्पांच्या दुकानातल्या लाकडी खोक्याचं झाकण ठेवलंय. स्पीकर नसल्यासारखे. आणि एक स्टार मी कापला तो खोक्यातल्या केबलसाठी. १६५ हर्ट्झ आणि सिंकच्या नावावर मॉनिटर विकायचा आणि सोबत ती दोन्ही न पोचवणारी केबल द्यायची, हे मला मान्य नाही. ६५० रुपयांची गोष्ट आहे, त्यांना तर त्याहून कितीतरी स्वस्त पडेल. निदान पत्रकात एक ओळ तरी छापा.

संक्रांतीला भाचा आला होता. त्यानं आपल्या लॅपटॉपवरचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला म्हणून माझी केबल काढून एचडीएमआय लावली, आणि जाताना त्याच केबलचं टोक माझ्या कार्डात खोचून गेला. रात्री मी फोर्झा लावला. आप्पा दारातूनच म्हणाले, “वायर बघ.” डिस्प्लेपोर्ट टेबलामागे लोंबकळत होती.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले तर केबलला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. दुकानात गिऱ्हाईकाच्या टीव्हीमागे नाव लिहून लावायचे तशी, त्याच वळणाच्या अक्षरात: ‘हीच वायर. काढू नये.’